दोन्ही याद्यांतली खैरुनबी

दोन सरकारं मिळून एक यादी करणार आहेत, हे खैरुनबी मुल्लाणीला कळलं तेव्हा तिच्या हातात पुरीचा घास होता. घास तिनं तोंडात घातला खरा, पण तो काही घशाखाली उतरेना. शेजारी बसलेली दुसऱ्या गावची अंगणवाडीची बाई म्हणाली, "पाणी घ्या की मुल्लाणीबाई, ठसका लागंल." खैरुनबीनं पाणी घेतलं. 

२००३ सालचा नोव्हेंबर होता. कोल्हापुरातल्या एका सभागृहात सीमेलगतच्या चौदा गावांतल्या अंगणवाडी सेविका, तलाठी आणि ग्रामसेवक बोलावले होते. व्यासपीठावर महाराष्ट्राचे अधिकारी होते आणि त्यांच्या मांडीला मांडी लावून कर्नाटकचे. सीमेचं भांडण एवढं जुनं, की दोन्हीकडचे साहेब एकाच ताटलीतली बडीशेप उचलताना बघून मागच्या रांगेतला एक ग्रामसेवक हळूच म्हणाला, "आज सूर्य कुठनं उगवलाय बघा की."

साहेबांनी समजावून सांगितलं. दोन्ही राज्यांनी मिळून कारभार सुधारायचं मनावर घेतलं होतं. आधी या चौदा गावांत करून बघायचं, जमलं तर पुढं. सीमेवरच्या माणसाचा इकडचा दाखला तिकडं चालत नाही, तिकडचा इकडं चालत नाही, त्याच्या चपला झिजतात. ते सगळं सोपं करायचं. पण त्याआधी याद्या साफ पाहिजेत. कोण कुठला हे एकदा ठरलं पाहिजे. म्हणून घरोघर जाऊन फॉर्म भरायचे, सीमेच्या अलीकडं अलीकडच्या सेविकेनं आणि पलीकडं पलीकडच्या सेविकेनं. मग सगळी नावं एकाच संगणकात घालायची. ज्याचं नाव दोन्हीकडं असेल, ते आपोआप वर येईल.

"वर येईल म्हंजे?" कुणीतरी विचारलं.

"म्हणजे त्याला बोलावून विचारलं जाईल," तहसीलदारबाई म्हणाल्या. "आणि ज्यांनी खोटी प्रतिज्ञापत्रं दिली आहेत, त्यांच्यावर कायद्यानं जी कारवाई व्हायची ती होईल."

खैरुनबीच्या कानात गूं गूं व्हायला लागलं. पुढचं अर्धं भाषण तिला ऐकूच आलं नाही.

तिचं गाव बोरहट्टी. मधून ओढा गेलेला. १९५६ साली राज्यांच्या हद्दी नव्यानं आखल्या तेव्हा ओढ्याच्या अलीकडचं गाव आजच्या महाराष्ट्राकडं राहिलं आणि पलीकडची चाळीसेक घरं आजच्या कर्नाटकाकडं गेली. गावाला त्याचं फारसं काही वाटलं नाही. पिठाची गिरणी अलीकडं होती, दर्गा पलीकडं होता. बैलाला नाल मारणारा पलीकडं, बाळंतपण करणारी अलीकडं. सोयरिकी ओढ्यावरून व्हायच्या. खैरुनबी पलीकडची, शमशुद्दीन पिंजाऱ्याची एकुलती एक लेक. १९८४ साली ती दस्तगीर मुल्लाणीशी लग्न करून अलीकडं आली. वऱ्हाड चालत आलं, नवरीचे पाय ओढ्यात भिजले, एवढाच काय तो प्रवास.

लग्नानंतर अलीकडच्या रेशनकार्डावर आणि मतदारयादीत तिचं नाव चढलं. पलीकडचं कुणी काढलंच नाही. पुढं तिची आई वारली, दम्यानं शमशुद्दीनचं कापूस पिंजायचं काम सुटलं. त्याच्या कार्डावर दोन नावं उरली, त्याचं आणि लेकीचं. लेकीच्या नावावर त्याला चार मुठी तांदूळ आणि बाटलीभर रॉकेल जास्त मिळायचं. बोरहट्टीत असं करणारं हे एकच घर होतं असं थोडंच? पण खैरुनबीची गोष्ट जरा वेगळी होती. १९९४ साली अंगणवाडीची जागा निघाली, तेव्हा तिनं एका छापील कागदावर सही केली होती: 'मी या गावची कायमची रहिवासी असून माझे नाव अन्य कोणत्याही राज्याच्या शिधापत्रिकेत अथवा मतदारयादीत नाही.' सही घाईत केली होती, पण वाचून केली होती. नऊ वर्षांत त्या ओळीची तिला एकदाही आठवण झाली नव्हती. आता ती ओळ अक्षरन् अक्षर डोळ्यांपुढं उभी राहिली.

परतीच्या एस.टी.त बायांची थट्टा चालली होती. "दोन्हीकडं मतं टाकत्यात त्यांची आता वरात कळंब्याला." सगळ्या हसल्या. कळंब्याला जायचं म्हणजे तुरुंगात जायचं, हे जिल्ह्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. खैरुनबीही हसली. हसताना आपला आवाज कसा येतोय, हे ती कान देऊन ऐकत होती.

घरी येऊन तिनं फॉर्म नीट वाचला. पलीकडच्या यादीत ती 'खैरून शमशुद्दीन पिंजार' होती, अलीकडं 'खैरुनबी दस्तगीर मुल्लाणी'. संगणक कितीही हुशार असला तरी या दोन बाया एकच आहेत हे त्याला कुठनं कळणार, असं मनात येऊन तिला घटकाभर बरं वाटलं. मग अकराव्या रकान्यावर नजर गेली. 'विवाहित स्त्रीचे माहेरचे पूर्ण नाव व गाव.' कुणीतरी डोकेबाज माणसानं तो रकाना मुद्दाम घातला होता. आणि मुल्लाण्याच्या घरचा फॉर्म भरणार कोण? खैरुनबीच.

दस्तगीर इचलकरंजीला मागावर कामाला होता, आठवड्याला एकदा घरी यायचा. त्याला तिनं सगळं सांगितलं. तो फार विचार न करता म्हणाला, "माहेर मिरजंचं लिव्ह. मिरजंत पिंजारी काय कमी हायत?"

"आणि कुणी चौकशी केली तर?"

"चौदा गावांची चौकशी कोण करतंय? तू उगंच खरं लिवून बसशील आणि सबिनाचा दाखला अडकंल. बारावी झाली की पोरीला नर्सिंगचा फारम भरायचाय, ध्यानात हाय न्हवं?"

ध्यानात होतं म्हणूनच तर तिला काहीच लिहवत नव्हतं. सबिनाचा रहिवासी दाखला आईबापाच्या कागदांवर निघणार. आईचा कागदच खोटा निघाला तर पोरगी कुठली ठरणार? खैरुनबीनं आपल्या घरचा फॉर्म गठ्ठ्याच्या अगदी तळाशी घातला आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या घराची कडी वाजवली.

पहिल्या दिवशी तलाठी जोतीराम सोबत होता. त्यानं चौकातच मोठ्यानं सांगून टाकलं, "खरं काय ते सांगा. सरकार कुणाला खात न्हाय." पण गावानं एस.टी.तली थट्टा आधीच ऐकली होती. ज्या घरांत खैरुनबीला चहा घेतल्याशिवाय सोडत नसत, तिथं आता दार निम्मंच उघडायचं. बायडाबाई दूधवाली तर आतूनच ओरडली, "घरात कोण न्हाय!"

"मग तुमी कोण बोलताय, बायडाक्का?"

"मी बी न्हाय!"

एरवी या बोलण्यावर दोघी पोट धरून हसल्या असत्या. त्या दिवशी कुणीच हसलं नाही.

दारोदार ती एकच वाक्य म्हणत राहिली, "खरं सांगा, काय होत न्हाय." साठ घरं झाली, सत्तर झाली. दर वेळी अकराव्या रकान्याशी पेन अडखळायचं. समोरची बाई आपलं माहेर सांगायची, क्वचित जीभ चावायची, आणि खैरुनबीला वाटायचं, हिला आपल्या तोंडावरचं दिसतंय. रात्री भाकरी जायची बंद झाली. सबिना विचारायची, "आई, ताप हाय का गं?" खैरुनबी म्हणायची, "दमलीया गं." आणि कागदांचा गठ्ठा लेकीच्या नजरेआड सरकवायची.

ओढ्याच्या काठाला शेवटचं घर झुंबरबाईचं. सत्तरी कधीच ओलांडलेली, पुढं मागं कुणी नसलेली म्हातारी. तिचा नवरा पलीकडचा, घर अलीकडचं, म्हणून तिच्याकडं दोन्ही कार्डं. इकडनं गहू आणायची, तिकडनं तांदूळ, आणि तेवढ्यावर तिचा महिना निघायचा. तिनं दोन्ही कार्डं खैरुनबीपुढं ठेवली आणि पदराचं टोक तोंडाशी धरून विचारलं, "बाई, म्हाताऱ्या माणसाला बी जेलात घालत्यात व्हय गं?"

खैरुनबीनं 'न्हाय' म्हणायला पाहिजे होतं. एक शब्द होता. पण त्या वेळी तिला स्वतःचाच भरवसा नव्हता. ती म्हणाली, "मला काय म्हाईत, आज्जी. वरनं काय येतंय बघू." फॉर्म भरला आणि उठली. म्हातारी दारात उभी राहून तिच्या पाठीकडं बघत राहिली, हे तिला न वळताही कळलं.

दर शुक्रवारी दोन्हीकडच्या सेविकांनी एकत्र बसून घरांचा आकडा जुळवायचा, असा नियम होता. पलीकडची सेविका ललिता कांबळे. ती आणि खैरुनबी पलीकडच्या मराठी शाळेत सातवीपर्यंत एका पाटावर बसलेल्या. ललिताचे आजोबा छप्पन सालीच बौद्ध झालेले, घरात वाचनाची आवड. शाळेतही ललिताची पाटी सगळ्यांत स्वच्छ असायची. त्या शुक्रवारी दर्ग्याच्या ओट्यावर दोघी बसल्या. ललितानं गठ्ठा सोडला, पण चाळला नाही. त्यावर हात ठेवून ती बसून राहिली.

"तुझ्या अब्बांचं घर राह्यलंय माझं," ती म्हणाली. "तीन येळा दारात जाऊन परत आले."

खैरुनबी आपल्या गठ्ठ्याचे कोपरे जुळवत राहिली.

"कार्डावर दोन नावं हायत, खैरून. मी आत गेले की ती मला लिवायला लागणार. मला खोटं लिवता येत न्हाय, तुला ठावं हाय. पण तुला न इचारता लिवायचं बी जीवावर आलंय."

"मग काय करणार?"

"पुढच्या शुक्रवारी गठ्ठा द्यायचाय. तवर थांबते. जे करायचं ते तू कर."

ललिताच्या बोलण्यात राग नव्हता, धमकी तर नव्हतीच. पण खैरुनबी ओढ्यातल्या दगडांवरून परत येताना दोनदा घसरली. एरवी त्याच दगडांवरून ती डोळे मिटून चालत आली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अब्बांकडं गेली. शमशुद्दीन अंगणात उन्हाला बसला होता. छातीतून शिट्टी वाजत होती. तिला बघताच म्हणाला, "क्या हुआ गे? मूं कायको उतर्‍या?"

तिनं सांगितलं. म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं.  मग घरच्या बोलीतून गावच्या बोलीत येऊन, जणू कचेरीतच बोलतोय अशा आवाजात म्हणाला, "सोपं हाय. ललिता आली की मी सांगतो, लेक मेली म्हणून."

"अब्बा!"

"ऐक तरी. लगीन होऊन गेली म्हणलं की इचारणार, कुठं गेली. मेली म्हणलं की कोण काय इचारत न्हाय. रेघ मारली की झालं. तुझी नोकरी ऱ्हाईल, पोरीचा दाखला निघंल. माझं काय, एकट्याला मूठभर तांदूळ बास हाय."

बोलता बोलता त्याचे डोळे भरले, पण आवाज हलला नाही. खैरुनबीच्या अंगावर सर्रकन काटा आला. आणि त्याहून वाईट म्हणजे, पुढच्याच क्षणी तिच्या मनात हिशेब सुरू झाला: मयताची तारीख कुठली सांगायची, दफन कुठं झालं म्हणायचं, ललिता हे मानेल का. आपण आपल्याच मरणाची जुळवाजुळव करतोय हे ध्यानात आल्यावर ती झटक्यात उठली. "काय बी सांगू नका. मी आल्याबिगर तोंड उघडू नका," एवढंच म्हणून ती निघाली. त्या दिवशी अंगणवाडीत पोरांची हजेरी घेताना तिला स्वतःचा आवाज दुसऱ्या कुणाचा तरी वाटला.

तीन दिवस असेच गेले. बुधवारी सकाळी दहाच्या सुमाराला अंगणवाडीची मदतनीस तानाबाई खिचडीला तांदूळ निवडत होती. निवडता निवडता म्हणाली, "झुंबरआज्जी आठ दिस दिसली न्हाई. चूल बी पेटलेली दिसंना. कुठं पाव्हणी गेलीया काय?"

"तिला कोण पाव्हणं?" खैरुनबी म्हणाली, आणि म्हणता म्हणताच चपला घालून बाहेर पडली.

दार आतून लावलेलं होतं. हाका मारल्या, ओ नाही. तानाबाईनं खिडकीची फळी काढून हात घातला आणि कडी सरकवली. झुंबरबाई भिंतीकडं तोंड करून घोंगडीवर पडली होती. ओठ फुटलेले, डोळे खोल गेलेले. चुलीपाशी जळलेल्या कागदांची काळी पापडी पडली होती. तिच्या एका कोपऱ्यात अजून थोडा पिवळा रंग ओळखू येत होता.

"आज्जी, काय केलंसा हे?"

म्हातारीनं खैरुनबीला ओळखलं आणि घोंगडीत अजून आत सरकली. "कागद न्हाईत आता माझ्यापाशी," ती पुटपुटली. "दोनी जाळलं. आता कोण धरंल मला? न्हाय न्हवं धरत, बाई?"

कार्डं जाळल्यावर ती दुकानात गेली नव्हती. शेजाऱ्यांकडं मागायला गेली नव्हती, कारण शेजारी विचारतील, रेशन का आणलं नाही. घरातलं पीठ संपल्यावर ती दार लावून पडून राहिली होती. तानाबाईनं अंगणवाडीतनं तांदळाची पेज आणली. खैरुनबीनं म्हातारीचं डोकं मांडीवर घेऊन चमच्याचमच्यानं पाजली. पेज पाजताना ती सारखं म्हणत होती, "न्हाय धरत, आज्जी. कोण न्हाय धरत." जे तिनं त्या दिवशी फॉर्म भरताना म्हणायचं होतं. बायडाबाईचा भाऊ बाळासो दुधाचा टेम्पो घेऊन आला, आणि तिघांनी मिळून म्हातारीला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, अजून दोन दिवस गेले असते तर काही खरं नव्हतं.

दवाखान्यातून परत आल्यावर खैरुनबी अंगणवाडीत गेली. पोरं घरी गेली होती. तिनं गठ्ठ्याच्या तळाचा फॉर्म काढला, सतरंजीवर बसली आणि भरायला घेतला. अकराव्या रकान्यात लिहिलं, 'खैरून शमशुद्दीन पिंजार, पलीकडील बोरहट्टी. तेथील कार्डावर नाव अद्याप आहे.' लिहून झाल्यावर भीती जाईल असं तिला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. उलट आता ती भीती खरोखरची, हाडामासाची झाली.

ती फॉर्म घेऊन ओढा ओलांडून ललिताकडं गेली. ललितानं वाचला. "आता मी तुझ्या अब्बांच्या घरात जाऊ?" तिनं विचारलं.

"जा. जित्ती हाय म्हणून लिव्ह."

ललिताला त्याचा अर्थ कळला नाही. खैरुनबीनं सांगितलाही नाही.

दस्तगीरला कळलं तेव्हा त्यानं डोक्यावर हात मारून घेतला. दोन दिवस तो तिच्याशी बोलला नाही. पण जानेवारीत कोल्हापूरला चौदा गावांची सुनावणी लागली, तेव्हा रजा टाकून आला आणि म्हणाला, "चल. एकटी कुठं जातीस?"

तेच सभागृह होतं. या खेपेला पुरीभाजी नव्हती. बाहेर व्हरांड्यात चौदा गावांची माणसं भिंतीला टेकून उभी होती, कुणी कुणाशी बोलत नव्हतं. शिपाई नाव पुकारायचा आणि माणूस आत जायचा. खैरुनबीचं नाव यादीत नव्हतं. संगणकात अजून तिचा फॉर्म चढला नव्हता. तिला परत फिरता आलं असतं. दस्तगीर तेच पुटपुटत होता, "नाव न्हाय की गं आपलं. जाऊया की." तिनं पिशवीतून फॉर्मची नक्कल काढून हातात धरली. शिपायानं पुढचं नाव पुकारलं, तो माणूस काही आला नव्हता, आणि त्या रिकाम्या जागेत खैरुनबी आत गेली.

टेबलामागं तहसीलदारबाई आणि कर्नाटकचे हिरेमठ साहेब बसले होते. तिनं फॉर्मची नक्कल पुढं ठेवली. "मी बोरहट्टीची सेविका. मीच लोकांचे फॉर्म भरलेत. आणि मी स्वतः दोन्हीकडं हाय."

तहसीलदारबाईंनी चष्मा वर केला. "नोकरीला लागताना प्रतिज्ञापत्र दिलं होतं ना?"

"दिलं होतं."

"वाचून?"

"वाचून."

 हिरेमठ साहेबांनी फॉर्म उलटून बघितला आणि साध्या मराठीत विचारलं, "मग आज का सांगताय?"

काय बोलायचं ते तिनं एस.टी.त चार वेळा घोकलं होतं. त्यातलं एकही वाक्य आठवेना. ती झुंबरबाईबद्दलच बोलायला लागली. चुलीतली पापडी, आतून लावलेलं दार, आठ दिवसांचा उपास. "साहेब, तिनं मला इचारलं हुतं, जेलात घालत्यात का. मी 'न्हाय' म्हणले न्हाई. कारण माझंच मला भ्या वाटत हुतं. दारोदार मी सांगत फिरले, खरं सांगा, काय होत न्हाय. आणि माझाच त्याच्यावर इस्वास नव्हता. लोकांना तोंडावर दिसतं साहेब. गावात निम्मी माणसं अशीच बसल्यात, कार्डं लपवून. तुमी काय करणार ते आधी सांगा, मग ती खरं बोलतील."

बोलून झाल्यावर तिला जाणवलं की आपण ओरडून बोलतोय. व्हरांड्यातली माणसं दाराशी येऊन ऐकत होती.

तहसीलदारबाई लगेच काही विरघळल्या नाहीत. "ते सगळं खरं असेल," त्या म्हणाल्या, "पण प्रतिज्ञापत्र खोटं ते खोटंच." खैरुनबीला कारणे दाखवा नोटीस मिळाली आणि निकाल लागेपर्यंत कामावर यायचं नाही, असा हुकूम. हिरेमठ साहेबांनी मात्र झुंबरबाईचं नाव, वय, घर सगळं आपल्या वहीत उतरवून घेतलं, आणि शेजारी वाकून तहसीलदारबाईंशी हळू आवाजात बराच वेळ काहीतरी बोलले.

पुढचे सात महिने खैरुनबीनं कसे काढले ते तिचं तिला माहीत. अंगणवाडीची किल्ली तानाबाईकडं गेली. पोस्टमनची सायकल वाजली की हातातलं भांडं खाली पडायचं. एकदा भर दुपारी पोलीस शिपाई दारात उभा राहिला. खैरुनबी आत गेली, पिशवीत दोन लुगडी आणि नमाजाची जानमाज घातली, सबिनाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि बाहेर आली. शिपाई म्हणाला, "पाटलाच्या चोरीला गेलेल्या मोटरीची चौकशी हाय, घर कुठलं त्यांचं?" तिनं हात करून घर दाखवलं आणि तो गेला. पिशवी पुढं पंधरा दिवस तशीच भरलेली राहिली.

पण गावात एक गोष्ट घडली होती. खैरुनबी कोल्हापूरला गेली आणि संध्याकाळच्या एस.टी.नं परत आली, हे सगळ्यांनी बघितलं होतं. बेड्या नव्हत्या, पोलीस नव्हते. पहिल्यांदा बायडाबाई आली. हळू आवाजात म्हणाली, "माझ्या सासूचं बी तिकडं हाय. कुठं सांगायचं?" मग एकेक करत माणसं यायला लागली. ती कामावर नव्हती, तरी कागद घेऊन तिच्याच उंबऱ्यात बसायची. ती त्यांचे अर्ज लिहून द्यायची आणि प्रत्येकाला आधी सांगायची, "मला पुढचं ठाऊक न्हाय. मला बी भ्या वाटतंय. तरी पण लिवूया."

ऑगस्ट २००४ मध्ये दोन्ही सरकारांचं एकाच मजकुराचं परिपत्रक निघालं, मराठीत आणि कन्नडमध्ये. ज्यांनी आपणहून सांगितलं त्यांच्यावर खटला नाही. एक बाजू निवडायची, दुसरीकडचं नाव कमी होईल. आणि एका राज्याचा दाखला या चौदा गावांपुरता दुसरीकडं चालेल. खैरुनबी लेखी ताकीद घेऊन कामावर परत आली. ती ताकीद तिच्या फाईलीत कायमची राहिली. झुंबरबाईचं नवं कार्ड यायला आणखी दोन महिने लागले. तोवर बोरहट्टीतल्या चार घरांनी तिला पाळीपाळीनं जेवायला घातलं. मात्र हातात कागद असलेल्या माणसाला तिनं शेवटपर्यंत घरात घेतलं नाही, अगदी खैरुनबीलाही.

शमशुद्दीनच्या कार्डावर आता एकच नाव राहिलं. खैरुनबी रोज ओढा ओलांडून त्याचा डबा पोचवायची. २००६ साली तो गेला. मयताची नोंद करायला ती पलीकडच्या पंचायतीत गेली, तेव्हा कारकुनानं विचारलं, "तुमचं नातं?"

"लेक."

त्यानं कार्ड बघितलं, यादी बघितली. "ह्यात लेकीचं नाव न्हाई, अक्का. पुरावा काय?"

खैरुनबी उभी राहिली.  त्या नऊ-दहा महिन्यांची धडधड एका क्षणात परत आली. शेवटी तिनं बोलावल्यावर ललिता आली, साक्षीदार म्हणून सही केली आणि कारकुनाला म्हणाली, "मी हिच्या शेजारी पाटावर बसलेली हाय. लिवा." त्यानं लिहिलं.

सबिनाला नर्सिंगला प्रवेश मिळाला. अलीकडच्या दाखल्यावर तिनं पलीकडच्या दवाखान्यात उमेदवारी केली आणि कुणी अडवलं नाही. दोन्हीकडचे ते साहेब बदलून गेल्यावर एकत्र बैठका मात्र हळूहळू थांबल्या. चौदा गावांची पंधरा कधी झाली नाहीत.

खैरुनबी अजून अंगणवाडीत आहे. गरोदर बायांची नोंद करते, पोरांची वजनं घेते. नवीन सर्वेक्षण आलं की दारात उभी राहून आधी पेन खाली ठेवते आणि समोरच्याला सांगते, हा कागद कुठं जाणार, कोण वाचणार, आणि ज्याचं उत्तर तिला ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणून सांगते. कचेरीचा खाकी लखोटा आला तर तो मात्र तिला अजून फोडवत नाही. ती तो तानाबाईपुढं सरकवते आणि म्हणते, "तू बघ गं आधी."

तानाबाईला वाचता येत नाही. ती लखोटा फाडते, कागद उलगडून खैरुनबीपुढं धरते, आणि दोघी मिळून तो वाचतात.